एक वाजताची दारुनी

घरातल्या घरात टीव्ही बघायला नवरा इस्त्रीचा सदरा घालून बसला, तर बायकोने काय समजायचं? मार्चच्या पहिल्या तारखेला प्रयुन तसा बसला. फिकट निळा सदरा, केसांना पाणी लावून पाडलेला भांग आणि गळ्यावर धुतलेला पांढरा रुमाल. एक वाजायला वीस मिनिटं होती. मार्चमध्ये आमच्या पाकनामपो गावात त्या वेळेला कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर येत नाहीत, आणि हा बहात्तर वर्षांचा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून पंख्यासमोर बसला होता.

"कोण येणार आहे?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. कोणी नाही.

"मग लग्न कोणाचं आहे?"

त्याने टीव्हीकडे बोट दाखवलं.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. तेव्हापासून तो नातवाच्या जुन्या पाटीवर लिहितो, तेही मोजकं. माझं त्यामुळे फारसं काही अडलं नाही. आमच्यातलं बोलणं त्याच्या कितीतरी आधी बंद पडलं होतं. भात वाढू का, गॅस संपला, पोरीचा फोन आला होता, एवढ्यावर आम्ही चाळीस वर्षं संसार केला.

टीव्हीवर त्या महिन्यात जुने सिनेमे होते. एका वाहिनीने मार्च हा जुन्या सिनेमांचा महिना म्हणून जाहीर केला होता. रोज दुपारी एकला एक सिनेमा, एकतीस दिवसांचे एकतीस. प्रयुनने वर्तमानपत्रातून यादी कापून टीव्हीला चिकटवली होती आणि त्यातल्या सहा तारखांखाली लाल पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. त्या सहाच का, ते मला न विचारताच कळलं. त्या सिनेमांसमोर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आवाज: प्रयुन-दारुनी.

आमच्या तरुणपणीचे सिनेमे मुके असायचे. खर्च वाचावा म्हणून आवाजाशिवायच चित्रण करायचे, आणि गावोगावच्या थेटरात मागच्या खोलीत माइकपुढे बसलेला माणूस पडद्यावरच्या सगळ्यांचं बोलायचा. नायक तोच, खलनायक तोच, दारातला कुत्राही तोच. लिहिलेले संवाद हातात असायचे, पण ते कोण बघतं? एकच सिनेमा पिचितमध्ये एक बोलायचा आणि लोपबुरीत दुसरंच. म्हणून पोस्टरवर आवाज देणाऱ्याचं नाव नटाच्या बरोबरीने छापायचे आणि लोक ते बघून तिकीट काढायचे.

प्रयुन एका औषध कंपनीच्या गाडीबरोबर फिरायचा. कधी थेटरात, कधी मैदानात पडदा बांधून. पंधरा दिवस बाहेर आणि पाच दिवस घरी. घरी आला की मी मासा वाटून, ते पीठ आपटून बाजारासाठी माशाचे गोळे करत असायची तिथे बादली पालथी घालून बसायचा आणि मला बोलतं करायचा. "मग तू काय म्हणालीस त्याला?" "आणि मग ती काय म्हणाली?" मला तोंड होतंच. कोळणीशी झालेलं भांडण, सासूबाईंचे टोमणे, शेजारच्या चिनी दुकानदाराचं हिशेबी प्रेम, सगळं मी त्याला सांगायची आणि तो हसून हसून बादलीवरून पडायचा. मला वाटायचं, असा नवरा अख्ख्या बाजारात कोणाला नाही.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पोस्टरवर त्याच्या नावाला दारुनीचं नाव जोडलं गेलं.

"पी, ही कोण?" मी विचारलं. तेव्हा मी त्याला पी म्हणायची, वयाने मोठा म्हणून आणि लाडानेही.

"धंद्यातलं नाव आहे," तो म्हणाला. "कंपनीने सांगितलंय, बाहेर बोलायचं नाही." आणि त्याचे डोळे हसत होते. बायकोने परक्या बाईबद्दल विचारावं आणि नवऱ्याचे डोळे हसावेत, हे चांगलं लक्षण नव्हे.

पुरुष बायकांचे आवाज काढायचे, ते मला माहीत नव्हतं असं नाही. तसला चिरका आवाज ऐकला की पोरं शिट्ट्या मारायची. पण दारुनीबद्दल बाजारात जे कानावर येत होतं ते वेगळं होतं. फळवालीचा भाऊ पिचितला असायचा. ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याची दारुनी भारीच फटकळ आहे म्हणे गं. पडद्यावरची बाई रडत असली तरी ती एखादं असं बोलते, की थेटर डोक्यावर घेतात. तिच्याशी लग्न करायला निम्मं पिचित तयार आहे." हे सांगताना ती माझा चेहरा बघत होती. मी तिच्याकडून पपई घेणं बंद केलं.

मग एक दिवस कोणाला न सांगता मी पिचितची गाडी पकडली. तारीख पक्की लक्षात आहे, मार्चची बारा. थेटरच्या मागच्या जिन्याने वर गेले. दाराला आतून कडी होती, खालच्या फटीतून उदबत्तीचा वास येत होता. त्या लोकांनी खेळाआधी गुरूला उदबत्ती लावायची रीत होती. आत प्रयुन बोलत होता, "रागावलीस?" आणि एक बाई म्हणाली, "रागावायला तुम्ही माझे कोण?" तो म्हणाला, "कोणीच नाही?" त्यावर ती हसली. ते हसणं माइकसाठीचं नव्हतं, किंवा मला ते तसं वाटलं नाही. घरात हसावं तशी ती हसली. मी दार वाजवलं नाही. खाली आले, उसाचा रस घेतला, तो प्यायलाही नाही, आणि परतीच्या गाडीत बसले.

त्यानंतर तो घरी आला, बादली पालथी घालून बसला आणि म्हणाला, "मग? काय काय झालं बाजारात?" मी मासा वाटत राहिले. पुढच्या फेरीला पुन्हा बसला. तिसऱ्या फेरीलाही. नंतर बसेनासा झाला. वर्षभरात पोस्टरवरचं दारुनीचं नाव गेलं. त्या दोघांचं फाटलं असणार, असं समजून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण माझं तोंड काही पुन्हा उघडलं नाही. पुढे बोलके सिनेमे आले, तो धंदाच बसला, आणि प्रयुन बस स्टँडवर गाड्यांची नावं पुकारायला लागला. पंचवीस वर्षं सगळं गाव त्याचा आवाज ऐकत होतं. घरात मात्र तो फारसा कोणाच्या कानावर पडत नव्हता.

हे सगळं मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. दाखवलं ते यंदा फेब्रुवारीत, आणि तेही रागाच्या भरात.

आमच्या विहारात नवी भिंत बांधली आहे. माणूस गेला, दहन झालं, की अस्थी त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या, वर फोटो आणि नावाची पाटी. सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, घरच्यांनी येऊन सुगंधी पाणी घालायचं. जुनी भिंत भरली म्हणून समितीचे लुङ तेंग, म्हणजे तेंगकाका, वही घेऊन घरोघरी फिरत होते. वय ऐंशीच्या पुढे, पण गावात कोण कुठे पुरलं जाणार आणि कोण कुठे ठेवलं जाणार, हे सगळं तोंडपाठ.

"मार्चअखेर गवंडी पाट्या कोरायला घेणार," ते म्हणाले. "एकदा कोरलं की कोरलं, मग बदल नाही. तुम्हा दोघांना एकच कोनाडा ना?"

"दोन," मी म्हणाले.

"दोन? लांब लांब की शेजारी?"

"जितके लांब मिळतील तितके. आणि यांचा जरा मोठा ठेवा. दारुनीलाही जागा लागेल."

लुङ तेंग पेन तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिले. मागे पडवीत प्रयुन पंख्याचं पातं पुसत होता. ते त्याच्या हातातून पडलं. तो आत आला, पाटी घेतली आणि लिहिलं, "त्यासाठी गप्प झालीस?" माझ्यासमोर धरली. मी तोंड फिरवलं, तेव्हा पुसून पुन्हा तेच लिहिलं, "त्यासाठी?" मग खाली लिहिलं, "दारुनी नव्हतीच. तो माझाच आवाज."

मी हसले. "गळा गेला, थापा नाही गेल्या. मी ऐकलंय तिला, या कानांनी. पिचितच्या जिन्यावर उभी होते."

तो खुर्चीवर बसला तो तासभर उठला नाही. लुङ तेंग म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत विचार करा, मी पुन्हा येतो," आणि गेले.

पुढच्या आठवड्यात त्याच्या हालचाली सुरू झाल्या. पलंगाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्याला तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. तो डबा नाहीसा झाला. पोस्टातल्या मुलीने मला रस्त्यात सांगितलं, "आजोबांचं पार्सल बँकॉकला नीट पोचलं बरं का." मग बँकॉकहून पत्र आलं. ते त्याने बनियनच्या आत ठेवलं. मी धुण्याच्या निमित्ताने बनियन मागितलं, तर स्वतःच धुऊन आला. ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही त्याने. बँकॉकला कोण असणार, ते मला समजायला वेळ लागला नाही. त्या बाईचा पत्ता त्याने शोधून काढला होता. आता वरच्या बटणापर्यंत लावलेला सदरा बघितल्यावर तर शंकाच उरली नाही.

बसायचा तो रोजच, पण लाल रेघेची पहिली तारीख होती सहा. त्या दिवशी मुलगी लामाय जेवायला आली होती. मी स्वयंपाकघरात मासे साफ करत बसले, दार मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं. तिथून मला प्रयुनची पाठ दिसत होती आणि टीव्हीचा अर्धा पडदा.

सुरुवातीला निवेदिकेने सांगितलं, की मूळ सिनेमाला आवाज नव्हता, त्या काळी खेळ चालू असताना कोणीतरी टेप करून ठेवला होता, तो जोडून आम्ही दाखवत आहोत. मग खरखर झाली आणि प्रयुन बोलायला लागला.

तीन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. आणि असा, तरणाताठा, तर चाळीस वर्षांत नाही. सुरी हातात राहिली. हा आवाज मला आवडायचा, हे मी विसरूनच गेले होते. त्याचाही राग आला.

मग ती बोलली. पडद्यावर एका जनरलची मुलगी होती, गळ्यात मोत्यांचा सर, पायऱ्यांवर गालिचा. नायक तिच्यासमोर तोरा मिरवत होता. आणि ती मोत्यांची मुलगी दारुनीच्या आवाजात म्हणाली, "माशाचं पीठ दहादा आपटल्याशिवाय ताठ होत नाही, पी. तुम्हाला तर कोणी एकदाही आपटलेलं दिसत नाही."

टेपमधले लोक खदाखदा हसले. जनरलच्या मुलीला माशाचं पीठ कुठलं माहीत? ते वाक्य माझं होतं. शिळा मासा खपवणाऱ्या एका पोराला मी ते भर बाजारात ऐकवलं होतं आणि संध्याकाळी बादलीवर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं होतं.

लामाय बाहेरून म्हणाली, "आई, ही बाई अगदी तुझ्यासारखी बोलते गं."

"मुकाट्याने जेव," मी म्हणाले.

त्या दिवशी मी गोळे केले ते सगळे खारट झाले. मला काय झालं होतं ते सरळ सांगते. आजवर मला वाटत होतं की त्या बाईने माझा नवरा घेतला. तेवढं मी पचवलं होतं. पण त्याने माझं बोलणंही तिला नेऊन दिलं होतं. मी ज्याला प्रेम समजत होते, ते बादलीवर बसून ऐकणं, ते तिच्यासाठी चाललं होतं. इथून ताजं घ्यायचं आणि तिकडे तिच्यापुढे ठेवायचं.

पुढच्या दोन सिनेमांत तेच. सासूबाईंना मी दिलेलं उत्तर एका राजकन्येच्या तोंडी. चिनी दुकानदाराचं हिशेबी प्रेम एका नर्सच्या. आणि मग एकोणीस तारखेला ते आलं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात त्याला उशीर झाला होता तेव्हा मी त्याला, फक्त त्याला, म्हणाले होते, "दार उघडंच ठेवते, पी. तुम्ही नाहीतर डास तरी येतील." पडद्यावरची एक विधवा खिडकीत उभी राहून तेच म्हणाली.

मी बाहेर गेले आणि टीव्ही बंद केला. त्याने चालू केला. मी बंद केला. त्याने चालू केला. त्या दिवशीही जेवायला आलेली लामाय मध्ये येऊन उभी राहिली. "लाज वाटू द्या दोघांनी," ती म्हणाली. "नातवंडं परवडली."

"तुझ्या बापाला वाटू दे लाज," मी म्हणाले. "आपल्या उशीवरचं बोलणं नेऊन त्या बयेला शिकवलं यांनी."

प्रयुनने माझ्याकडे बघितलं. मग मांडीवरची पाटी उलटी करून ठेवली. अर्थ मी माझ्या पद्धतीने लावला. बोलायला काही उरलं नव्हतं, असा.

दोन दिवसांनी घरचा फोन वाजला. बँकॉकहून कोणी मुलगी बोलत होती, टीव्हीवाली.

"दारुनी आजी आहेत का?" ती म्हणाली.

"कोण पाहिजे?"

"दारुनी. प्रयुन आजोबांच्या जोडीदार. आजोबांनी डब्यातून टेपा पाठवल्या, त्याबरोबरच्या संमतीच्या कागदावर दोघांचीही सही आहे, फोन आणि पत्ता मात्र एकच आहे. महिन्याच्या शेवटी त्यांचे दोन शब्द ऐकवावेत असं आम्हाला वाटतं. लोक फार विचारतायत हो, या बाई कोण म्हणून."

म्हणजे ती बया माझाच पत्ता वापरत होती. माझ्या घराचा नंबर, माझा फोन.

"ती मेली," मी म्हणाले.

"अगंबाई. कधी?"

"चाळीस वर्षं झाली." मी फोन ठेवला आणि प्रयुनपुढे जाऊन उभी राहिले. "तुमच्या दारुनीला मी मारून टाकलं. बँकॉकला सुतक पाळायला सांगा. आणि शनिवारी लुङ तेंग येणार आहेत, त्यांना मी सांगणार आहे की दोन कोनाडे, आणि मध्ये दुसऱ्या कोणाची तरी दहा माणसं."

त्याने पाटीवर लिहिलं, "शनिवारी १ वाजता. समोर बस." मग खाली, लहान अक्षरांत, "एकदाच."

त्या 'एकदाच'मुळे मी बसले, नाहीतर बसले नसते. लुङ तेंग अर्धा तास आधीच येऊन टपकले. गवंडी विहारात खोळंबलाय म्हणाले, पण सिनेमा बघून खुर्ची ओढून घेतली. मी त्यांना बर्फाचं पाणी दिलं आणि पहिल्यांदाच प्रयुनच्या शेजारी, टीव्हीसमोर बसले.

ही टेप थेटरमधली नव्हती, तफान हिन गावच्या मैदानातली होती. पोरं रडत होती, कोणी भाजके शेंगदाणे विकत होतं. पडद्यावर नायकाला झाडाला बांधलं, खलनायकाने पिस्तूल काढलं, नायिका धावत आली, आणि सिनेमा थांबला. औषध कंपनीची रीतच ती. ऐन मोक्याला यंत्र थांबवायचं आणि बाटल्या विकायच्या. वाहिनीवाल्यांनी ते कापलं नव्हतं, पडदा काळा ठेवून आवाज तसाच राहू दिला होता. प्रयुनचा भरदार आवाज जंतांबद्दल, अशक्तपणाबद्दल आणि बाळंतिणींबद्दल बोलायला लागला. लोक बोंब मारत होते, तो नायक मरतोय, आधी सोडवा त्याला.

"सोडवतो, सोडवतो," प्रयुन म्हणत होता. "आधी ऐका. दोन बाटल्या घेतल्या की..."

आणि यंत्र चालवणाऱ्याने घाई केली. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर नायिकेचा चेहरा मोठा होऊन आला, तिने डोळ्यांत पाणी आणून तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडातून प्रयुनचा जाडा आवाज आला, "...एक चमचा फुकट."

सगळं मैदान हसून फुटलं. त्या हसण्यात कोणीतरी माइकजवळ खोकलं. मग तोच जाडा आवाज म्हणाला, "हसताय काय..." आणि न थांबता, एकाच श्वासात, तो चढत गेला, बारीक होत गेला, मऊ झाला आणि दारुनी झाला, "...घरी बायको नाही का तुमच्या?"

लुङ तेंग मांडीवर थापा मारत हसत होते. "अरे, हा तर बाप्या निघाला," ते म्हणाले.

मी प्रयुनकडे वळले. महिनाभर मी त्याची पाठ बघत होते. आता समोरून बघितलं. त्याचे ओठ हलत होते. नायकाचं झालं की नायिकेचं, नायिकेचं झालं की नायकाचं, एक शब्द चुकत नव्हता. नायिकेचं बोलताना तो मान किंचित डावीकडे टाकायचा आणि ओठ मुडपायचा. लामाय मला चिडवताना माझी नक्कल करते ती अशीच.

मी उठून टीव्हीचा आवाज बारीक केला.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. "तेव्हा. गळा होता तेव्हा."

त्याने लिहिलं, "सांगितलं असतं तर तू जपून बोलली असतीस." पुसलं. "मला तुझं बोलणं जसंच्या तसं हवं होतं."

"आणि त्या पिचितच्या दारामागे ती हसली ते?"

"तू तशीच हसायचीस."

मला ते हसणं आठवलं. घरात हसावं तसं. माणसाला आपलं हसणं बाहेरून ऐकू येत नाही, आणि मी ते ऐकून आगगाडीत बसले होते. तरी एक गोष्ट उरली होती. संशयी माणसाचं डोकं सहज थांबत नाही.

"मग पोस्टरवरून तिचं नाव का काढलं?"

त्याने आधीचं सगळं नीट पुसून काढलं. लुङ तेंगसुद्धा हसायचे थांबले. मग त्याने सावकाश लिहिलं, आणि पाटी माझ्याकडे न धरता मांडीवरच ठेवली. मला वाकून वाचावं लागलं.

"तू बोलायची थांबलीस. तिला बोलायला काही उरलं नाही."

मी लुङ तेंगच्या देखत रडले. तिसऱ्या फेरीपर्यंत बादलीवर येऊन बसणारा तो डोळ्यांसमोर आला. त्याला कळतच नव्हतं की काय झालं. आणि तो रिकाम्या हाताने पिचितला जात होता. बँकॉकच्या मुलीला मी रागाने बोलले होते की ती मेली, चाळीस वर्षं झाली. ते खरंच होतं. मला फक्त माहीत नव्हतं की मारलं कोणी.

मग रागही आला. "एकदा विचारायचंत की," मी म्हणाले. "का गप्प झालीस म्हणून. तोंड होतं ना? सगळ्या गावाला गाड्यांच्या वेळा सांगत होतात."

त्याने लिहिलं, "तूही."

त्याने रुमालाचं टोक माझ्यापुढे केलं, मी नाक पुसलं.

लुङ तेंगनी घसा साफ केला. "गवंडी खोळंबलाय," ते म्हणाले. "दोन लिहू का मग?"

"एक," मी म्हणाले.

त्यांनी वहीत खाडाखोड केली. "प्रयुन आणि बुनरुआन. जन्मतारखा आहेत माझ्याकडे. पुढची जागा कोरी ठेवतो."

"तिसरं नाव घाला. दारुनी."

"एका कोनाड्यात तीन?" त्यांनी प्रयुनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "समितीने विचारलं तर काय सांगू? कोण होती म्हणून?"

"आमच्या घरातलीच होती, सांगा."

"फोटो?"

"फोटो नाही तिचा."

त्यांनी पेन चावलं. चांगला माणूस आहे, नियमाचा आहे. "बरं," ते म्हणाले, "नाव घालतो. पण ती गेलेली आहे ना? गेलेल्या माणसाची तारीख लागते. त्याशिवाय पाटी कोरता येत नाही."

मी प्रयुनकडे बघितलं. त्याने पाटी पुसून माझ्या हातात दिली आणि खडूही दिला. पिचितहून मी परत आले ती तारीख मी लिहिली, मार्चची बारा, आमच्या बुद्धसंवताचं साल पंचवीसशे अकरा, आणि लुङ तेंगनी ती वहीत उतरवून घेतली.